मारुत आणि त्याचा लाकडी पूर्वज : पश्चनत पंखांच्या उड्डाण-संशोधनातील एक भारतीय प्रकरण

१. प्रास्ताविक

कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक धावपट्टी बांधण्यात आली. त्यासाठी आसपासच्या गावांची शेतजमीन घेण्यात आली. युद्ध संपले, विमाने निघून गेली आणि पट्टी ओस पडली. पुढे तिची आठवण राहिली ती मुख्यत्वे जमिनीच्या वादामुळे. २०१७ मध्ये त्या प्रश्नावर शेतकऱ्यांचे मोठे आंदोलनही झाले. युद्धकाळात घाईने उभारलेल्या अशा धावपट्ट्या देशाच्या पुष्कळ भागांत होत्या. महायुद्धाने भारताला धावपट्ट्या दिल्या, दुरुस्तीच्या कर्मशाळा दिल्या, काही हजार माणसांना विमानाच्या यंत्रांची ओळखही करून दिली. परंतु विमान का उडते, कोणत्या वेगाला ते बिघडते आणि बिघडले तर त्याचे रूप कसे बदलावे, ही विद्या धावपट्टीबरोबर येत नाही. ती वेगळ्या मार्गाने मिळवावी लागते.

हा मार्ग स्वतंत्र भारताने एकदा मोठ्या हिमतीने चोखाळला होता. एचएफ-२४, म्हणजेच ‘मारुत’, या लढाऊ जेट विमानाच्या घडणीची ही हकीकत होय. मारुतविषयी जे लिहिले जाते त्यात त्याच्या अपुऱ्या एंजिनाची कथा ठळक असते आणि शेवटी ‘अपयश’ असा निवाडा दिला जातो. त्या कथेत तथ्य आहे. मात्र तिच्या छायेत एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. १९५९ मध्ये बंगलोरच्या आकाशात याच विमानाच्या आकाराचे एक पूर्णाकृती लाकडी ग्लायडर उडत होते. एंजिन नसलेल्या त्या यंत्राने जी माहिती मिळवून दिली, तिला भारतीय उड्डाण-संशोधनाचा पहिला भक्कम पाठ म्हणता येईल. तो पाठ काय होता, तो कोणामुळे शक्य झाला आणि पुढे त्याचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. पंख मागे का झुकविले?

विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागला की हवेचे वर्तन बदलते. मंद वेगात विमान येत असल्याची वर्दी दाबाच्या लहरींमधून पुढच्या हवेला आधीच मिळते व ती बाजूला सरकते. ध्वनिवेगाजवळ ही वर्दी पोहोचण्यास अवधीच उरत नाही. पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवेचा वेग स्थानिक रीत्या ध्वनिवेगापलीकडे जातो, तेथे आघात तरंग निर्माण होतात, प्रवाह पंखापासून सुटतो, रोध एकाएकी वाढतो आणि विमान थरथरू लागते. विमानाचा वेग व ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तरास माख अंक म्हणतात. जुन्या सरळ पंखांच्या विमानांना साधारणतः ०.७५ ते ०.८ माख अंकाच्या पुढे हा त्रास होई.

यावरचा एक उपाय अडोल्फ बुझेमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये रोम येथे भरलेल्या व्होल्टा परिषदेत सुचविला. पंख विमानाच्या अंगाशी काटकोनात न ठेवता ते मागे झुकवावेत, अशी ती कल्पना होती. तिच्यामागील भूमिती सोपी आहे. झुकलेल्या पंखावर येणाऱ्या वाऱ्याचे दोन घटक पाडता येतात : एक पंखाच्या कडेला लंब आणि दुसरा कडेच्या बाजूने सरकणारा. पंखावरील दाबाची घडामोड मुख्यत्वे पहिल्या घटकावर अवलंबून असते. पंख ३५ अंश झुकला असेल तर हा लंब घटक मूळ वेगाच्या ०.८२ पट होतो. ४५ अंशांसाठी तो ०.७१ पट होतो. म्हणजे विमान ०.९० माख अंकाने जात असताना ३५ अंश झुकलेल्या पंखाला जणू ०.७४ माख अंकाचाच वारा लागतो. प्रत्यक्षात लाभ याहून कमी मिळतो, कारण पंखाची मुळे व टोके या हिशेबात बसत नाहीत. तरीही तो पुष्कळ असतो. कल्याणहून माळशेज घाट चढणारा रस्ता सरळ कड्यावर न जाता तिरपा वळत जातो आणि त्यामुळे चढण सौम्य होते. झुकलेल्या पंखाची पाठ ओलांडणाऱ्या हवेलाही तो पंख तसाच सौम्य वाटतो.

बुझेमानने ही कल्पना ध्वनिवेगापलीकडील उड्डाणासाठी मांडली होती. परिषदेत तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जर्मनीत मात्र तिचा पाठपुरावा झाला. ध्वनिवेगाच्या अलीकडेही तिचा उपयोग होतो हे अल्बर्ट बेट्स याने दाखविले आणि १९३९ मध्ये ग्यॉटिंगेन येथील वायुबोगद्यात, म्हणजे स्थिर ठेवलेल्या नमुन्यावरून वेगाने हवा सोडण्याच्या यंत्रात, तिची प्रायोगिक तपासणी सुरू झाली. अमेरिकेत रॉबर्ट जोन्स याने १९४५ च्या सुमारास स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. युद्धानंतर जर्मन कागदपत्रे विजेत्यांच्या हाती पडली आणि १९४७ या एकाच वर्षाच्या अखेरच्या तीन महिन्यांत अमेरिकेचे एफ-८६ सेबर व बी-४७ आणि सोव्हिएत संघाचे मिग-१५ अशी तीन पश्चनत पंखांची जेट विमाने प्रथम आकाशात गेली.

३. कल्पनेची किंमत

कागदावर इतकी सोपी दिसणारी ही कल्पना आकाशात तितकीच अवघड ठरली. झुकलेल्या पंखावर हवेचा पृष्ठालगतचा मंद थर टोकाकडे सरकत जाऊन तेथे साठतो. परिणामी विमानाचे नाक वर उचलले असता पंखाची टोके आधी उचल गमावतात. ही टोके विमानाच्या गुरुत्वमध्याच्या मागे असतात. मागची उचल गेली की नाक आपोआप आणखी वर जाते, आणि वैमानिकाने काही करण्याच्या आत विमान हाताबाहेर जाऊ शकते. याखेरीज उतरतेवेळी उचल कमी पडणे, विमान एकाच वेळी डावीउजवीकडे डोलणे व कुशीवर कलणे, आणि लांबट पंख ताणाखाली पिळवटणे, असे दोष होते.

हे दोष गणिताने पूर्णपणे सांगता येत नव्हते. त्या काळच्या वायुबोगद्यांतही ते नीट दिसत नव्हते. ध्वनिवेगाजवळ बोगद्याच्या भिंतीच प्रवाहाला अडवीत. म्हणून खऱ्या विमानाला मापनयंत्रे लावून, वैमानिकाच्या हाती देऊन, आकाशालाच प्रयोगशाळा करावे लागले. यालाच उड्डाण-संशोधन म्हणतात. ब्रिटनमध्ये व्हँपायर विमानाच्या धडाला झुकलेले पंख जोडून डीएच-१०८ हे शेपटीविरहित प्रायोगिक विमान तयार करण्यात आले. सप्टेंबर १९४६ मध्ये ते हवेतच मोडले आणि त्यात जेफ्री डी हॅविलंड यांचा मृत्यू झाला. अमेरिकेत वाळवंटातील उड्डाण-केंद्रात डी-५५८-२ या विमानावर पंखांवरील आडव्या पट्ट्या, पुढच्या कडेच्या फटी इत्यादी उपाय एकामागून एक तपासण्यात आले. याच विमानाने नोव्हेंबर १९५३ मध्ये प्रथम ध्वनीच्या दुप्पट वेग गाठला. बेल एक्स-५ या विमानात तर पंखांचा कोन उड्डाणातच बदलता येई. एफ-१०० हे ४५ अंश झुकलेल्या पंखांचे विमान सेनेत दाखल झाल्यावरही ऑक्टोबर १९५४ मध्ये चाचणी वैमानिक जॉर्ज वेल्श त्यात मृत्यू पावला. तेव्हा कोठे वेगाने कुशीवर वळताना विमान आडवे फिरण्याचा नवा दोष स्पष्ट झाला आणि शेपटीची उभी फळी मोठी करण्यात आली.

याचा अर्थ असा की, १९५० ते १९५५ च्या काळात ज्या राष्ट्रांनी झुकलेल्या पंखांची विमाने घडविली, त्यांनी ती विद्या यंत्रे, पैसा आणि माणसांचे प्राण देऊन मिळविली. भारताने १९५६ मध्ये याच क्षेत्रात पाऊल टाकले तेव्हा त्याच्यापाशी काय होते?

४. ग्यॉटिंगेनहून बंगलोरपर्यंत

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजजवळच्या हसूर चंपू या गावापर्यंत जातो. डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म तेथे २४ ऑक्टोबर १९०८ रोजी झाला. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पंखालगतच्या हवेच्या पातळ थराचा सिद्धान्त मांडून आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणारे ते हेच प्रांटल. बुझेमान यांनीही पूर्वी त्यांच्याच हाताखाली काम केले होते आणि बेट्स हे त्यांचे निकटचे सहकारी होते. या योगायोगाचा अतिशयोक्त अर्थ लावण्याचे कारण नाही. तरी एवढे खरे की, पश्चनत पंखाची कल्पना ज्या विद्यापरंपरेतून निघाली त्याच परंपरेत एका मराठी अभियंत्याचे शिक्षण झाले होते, आणि ती परंपरा सिद्धान्त व प्रयोग यांना वेगळे मानणारी नव्हती.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. घाटगे आरंभीच्या काळातच तेथे गेले. युद्ध चालू असता त्यांनी दहा आसनांच्या एका ग्लायडरचा आराखडा केला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये विमानविद्येचे अध्यापन सुरू झाले, त्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान तयार झाले. भारतात आखलेले व भारतात बांधलेले हे पहिले विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. पुढे पुष्पक, कृषक आणि १९६४ मध्ये उडालेले किरण हे जेट प्रशिक्षण विमान, ही सर्व त्यांच्या अभिकल्प विभागाची निर्मिती होय. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

एचटी-२ पासून ध्वनिवेगाच्या दुप्पट जाणाऱ्या लढाऊ विमानापर्यंतची उडी मात्र फार मोठी होती. १९५६ च्या सुमारास हवाई दलाने मांडलेली अपेक्षा तशीच होती : माख २ चा वेग, सुमारे १८,००० मीटर उंची आणि ८०० किलोमीटरच्या घरातील लढाऊ पल्ला. अशा विमानाचा अनुभव देशात कोणालाच नव्हता. म्हणून महायुद्धातील फोक-वुल्फ १९० या विमानाचे कर्ते कुर्ट टँक यांना पाचारण करण्यात आले. ते ऑगस्ट १९५६ मध्ये बंगलोरला आले व त्यांच्याबरोबर काही जर्मन अभियंतेही आले. टँक यांना झुकलेल्या पंखांचा अनुभव दुहेरी होता. युद्धाच्या अखेरीस त्यांनी तशा जेट विमानाचा आराखडा केला होता आणि नंतर अर्जेंटिनात ‘पुल्की-२’ हे पश्चनत पंखांचे विमान १९५० मध्ये प्रत्यक्ष उडविले होते. त्या विमानाच्या चाचण्यांत वैमानिक दगावले होते, हेही त्यांच्या अनुभवाचाच भाग होते.

भारतातील प्रायोगिक साधने मात्र तुटपुंजी होती. विज्ञान संस्थेत सतीश धवन यांनी उभारलेला ध्वन्यतीत वायुबोगदा अवघ्या १ इंच × ३ इंच मापाचा होता; अध्यापनास व मूलभूत अभ्यासास तो मोलाचा असला तरी संपूर्ण विमानाच्या नमुन्याला त्यात जागा नव्हती. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा १९५९ मध्ये स्थापन झाली आणि तिचा चार फुटी मोठा बोगदा १९६७ मध्ये चालू झाला. म्हणजे मारुतची आखणी, बांधणी व पहिली उड्डाणे ही सर्व त्या बोगद्याच्या आधीची आहेत.

५. लाकडी ग्लायडर

या उणिवेवर काढलेला मार्ग म्हणजे पूर्णाकृती ग्लायडर. विमानाचा आकार, पंखांचा झोक, शेपटी व नियंत्रक पृष्ठे जशीच्या तशी ठेवून ते लाकडात बांधण्यात आले. दोन आसने होती, एंजिने नव्हती. हवाई दलाचे डकोटा विमान त्याला दोराने ओढून उंचीवर नेई. तेथे दोर सुटला की ते स्वतःच्या भारावर घसरत खाली येई आणि त्या थोड्या मिनिटांत ठरलेले प्रयोग उरकून धावपट्टीवर उतरे. १९५९ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हे उड्डाण सुरू झाले. एकूण ७८ उड्डाणे झाली. चाचणी वैमानिक होते सुरंजन दास. ब्रिटनमधील चाचणी वैमानिकांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते आणि नॅट या लहानशा पश्चनत पंखांच्या लढाऊ विमानाच्या चाचण्यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

मंद गतीने घसरणाऱ्या लाकडी यंत्राचा ध्वनिवेगाशी काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मागील विवेचनातच आहे. पश्चनत पंखाचा लाभ वेगात मिळतो, परंतु त्याची किंमत बव्हंशी मंद वेगात चुकवावी लागते. टोके आधी सुटणे, नाक उसळणे, उतरताना उचल अपुरी पडणे, बाजूच्या वाऱ्यात डोलणे, हे सारे प्रश्न धावपट्टीच्या आसपासचे आहेत आणि तेथेच विमान व वैमानिक गमावण्याचा धोका अधिक असतो. या सर्वांची परीक्षा ग्लायडरवर घेता येते.

दुसरे कारण प्रमाणाचे आहे. लहान नमुन्यावरून वाहणारी हवा आणि खऱ्या पंखावरून वाहणारी हवा सारखी वागत नाही. हवेची चिकटपणाची बाधा लहान वस्तूवर तुलनेने अधिक होते. त्यामुळे प्रवाह पंखापासून केव्हा सुटेल हे छोट्या नमुन्यावरून ठरविल्यास अंदाज चुकतो. पूर्णाकृती ग्लायडरच्या बाबतीत हा दोष फारसा उरत नाही. मोठा बोगदा नसलेल्या देशाने आकाशाचाच बोगदा केला, असे याचे वर्णन करता येईल.

तिसरा लाभ माणसांचा होता. नियंत्रकांवर वैमानिकाच्या हाताला किती जोर लावावा लागतो, विमान त्याच्या इच्छेला किती तत्परतेने उत्तर देते, हे आकड्यांबरोबरच वैमानिकाच्या शब्दांतूनही नोंदवावे लागते. वैमानिकाचे निवेदन, यंत्रांच्या नोंदी आणि अभिकल्पकाचे गणित यांची सांगड घालणे ही एक वेगळी शिस्त आहे. ७८ उड्डाणांच्या निमित्ताने ती शिस्त बंगलोरच्या अभियंत्यांच्या अंगवळणी पडण्यास आरंभ झाला.

ग्लायडरच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. आघात तरंगांविषयी ते काहीच सांगू शकत नव्हते. एंजिनाच्या झोताचा शेपटीवर काय परिणाम होईल, धडाच्या मागील भागाचा रोध ध्वनिवेगाजवळ किती वाढेल, तोफांच्या धक्क्याने काय होईल, या प्रश्नांना त्याच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे मारुतला ज्या अडचणी आल्या त्या बहुतेक याच यादीतील होत्या, ही बाब लक्षणीय आहे. जे आधी तपासले गेले ते बव्हंशी नीट निघाले. जे तपासण्याचे साधन नव्हते तेथे विमान अडले.

६. उड्डाण आणि एंजिन

१७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी एचएफ-२४ चा पहिला आदर्श बंगलोरहून उडविला. ग्लायडरच्या पहिल्या उड्डाणानंतर सव्वादोन वर्षांच्या आत ही मजल गाठली गेली. पंख सुमारे ४५ अंश झुकलेले, धड कमरेपाशी आवळलेले आणि आडवी शेपटी धडावर खालच्या बाजूस, असे त्याचे रूप होते. आवळलेली कमर हा ध्वनिवेगाजवळचा रोध कमी करण्याचा त्या दशकात सापडलेला उपाय होता. नाक उसळण्याच्या व्याधीवर शेपटी खाली ठेवणे हा उपाय त्या काळात अनेक देशांत मान्य होत चालला होता, कारण तेथे ती पंखामागच्या खळबळीच्या बाहेर राहते. नियंत्रणाच्या दृष्टीने हे विमान सुस्वभावी ठरले. ते चालविणाऱ्या वैमानिकांनी पुढे त्याच्याविषयी बहुधा चांगलेच सांगितले.

एंजिनाने मात्र घात केला. विमान आखले गेले ते पश्चज्वलनाची सोय असलेल्या ब्रिटिश ऑर्फियस १२ या एंजिनाभोवती. त्याचा रेटा सुमारे ३,७०० किलोग्रॅम असावयाचा होता. ब्रिटनमध्ये त्याला दुसरे गिऱ्हाईक राहिले नाही आणि विकासाचा खर्च भारताने उचलला नाही. काम थांबले. हाती उरले ते नॅटसाठी बंगलोरमध्ये तयार होणारे ऑर्फियस ७०३. त्याचा रेटा सुमारे २,२०० किलोग्रॅम आणि पश्चज्वलन नाही. अशी दोन एंजिने लावूनही मारुत क्षितिजसमांतर उड्डाणात ध्वनिवेगाच्या आसपासच थबकले. माख २ ची अपेक्षा कागदावरच राहिली.

त्यानंतरची दहा वर्षे एंजिनाच्या शोधात गेली. त्या वेळी इजिप्तमध्ये ई-३०० हे एंजिन तयार होत होते. त्याच्या चाचणीसाठी एक मारुत तिकडे पाठविण्यात आले आणि मार्च १९६७ मध्ये भारतीय चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी ते नव्या एंजिनासह उडविले. १९६९ मध्ये इजिप्तनेच तो प्रकल्प सोडून दिला. बंगलोर येथील गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने ऑर्फियस ७०३ लाच पश्चज्वलनाची जोड देण्याचे काम हाती घेतले. त्या सुधारित आदर्शाच्या चाचणीत १० जानेवारी १९७० रोजी विमान कोसळले व ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा अंत झाला. ग्लायडरच्या दिवसांपासून या विमानाची प्रत्येक अवस्था ज्याने पाहिली होती असा वैमानिक त्या दिवशी गेला. बंगलोरमधील एका प्रमुख रस्त्याला त्यांचे नाव आहे.

दरम्यान ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत मिग-२१ घेण्याचा करार झाला आणि त्याच्या बांधणीसाठी नाशिकजवळ ओझर येथे कारखाना उभा राहिला. ओझरने महाराष्ट्राला मोठा उद्योग व कुशल कामगारांची एक पिढी दिली, यात शंका नाही. परंतु परवान्याने विमान बांधणे आणि विमान आखणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. पहिल्यात आराखडा हाती येतो आणि तो बिनचूक उतरवावयाचा असतो. दुसऱ्यात आराखड्यातील प्रत्येक रेषेचे कारण द्यावे लागते. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान तयार मिळू लागताच, मारुतला तेथपर्यंत नेण्याची निकड साहजिकच ओसरली.

मारुत सेनेत गेले नाही असे मात्र नाही. १९६७ पासून त्याची पथके उभी राहिली. तीन पथकांनी ते वापरले. दोन आसनी प्रकार धरून एकूण १४७ विमाने बांधली गेली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले करण्याचे काम त्यांनी केले. शत्रूच्या विमानाकडून हवेत एकही मारुत पाडले गेले नाही, आणि मार लागलेली विमाने एका एंजिनावर परतल्याचे प्रसंगही घडले. मात्र चारही तोफा एकदम चालविल्यास बसणाऱ्या हादऱ्यांचा दोष कायम राहिला. १९९० पर्यंत मारुतची सेवा संपली.

७. समारोप

या सर्व हकीकतीचा हिशेब दोन बाजूंनी मांडावा लागेल. वेगाच्या कसोटीवर मारुत उणे ठरले. त्याचे कारण पंखात किंवा वैमानिकात नव्हते. एंजिन परक्यावर सोपवून विमान मात्र स्वतः आखावयाचे, या निर्णयात ते होते. विमान आणि एंजिन यांचा विकास एकत्र चालवावा लागतो, आणि एंजिनाला विमानापेक्षा अधिक काळ लागतो. त्या वेळी वाचविलेला खर्च पुढे अनेक पटींनी भरावा लागला.

दुसरी बाजू पद्धतीची आहे. मोठा बोगदा नाही, संगणक नाही, जेट विमान आखण्याचा पूर्वानुभव नाही, अशा स्थितीत आधी पूर्णाकृती ग्लायडर, मग आदर्श, मग उत्पादन ही पायरी-पायरीची वाट पत्करण्यात आली आणि ती यशस्वी ठरली. हे केवळ टँक यांच्या आगमनाने घडले असते असे म्हणता येत नाही. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला समजून घेणारा, त्याचे काम उचलणारा आणि तो गेल्यावर ते पुढे नेणारा वर्ग आधी तयार असावा लागतो. एचटी-२ च्या निमित्ताने घाटगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला अभिकल्प विभाग आणि विज्ञान संस्थेतून बाहेर पडलेले तरुण पदवीधर यांनी ती जागा भरली. १९६७ मध्ये टँक परतल्यावर विमानाची जबाबदारी भारतीय अभियंत्यांनीच वाहिली.

खरी हानी झाली ती यानंतर. मारुतच्या पाठोपाठ दुसरे लढाऊ विमान आखावयास घेतले गेले असते, तर पहिल्याच्या चुका दुसऱ्याच्या कामी आल्या असत्या. तसे झाले नाही. हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला आणि त्यातून निघालेले तेजस ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडाले. मारुतच्या पहिल्या उड्डाणापासून तेजसच्या पहिल्या उड्डाणापर्यंत साडेएकोणचाळीस वर्षे लोटली. एवढ्या काळात अभियंत्यांची एक संपूर्ण पिढी नोकरीस लागून निवृत्त होते. आराखडे कपाटात राहतात. परंतु अमुक रेषा तशी का काढली, अमुक धोका कसा टळला, हे ज्ञान माणसांबरोबर जाते. तेजसच्या कर्त्यांना त्यामुळे पुष्कळ गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या, आणि एंजिनासाठी परदेशाकडे पाहण्याची पाळी त्यांच्यावरही आली.

एक सूत्र मात्र तुटले नाही, आणि ते चाचणीचे होते. १९५७ मध्ये कानपूर येथे सुरू झालेल्या चाचणी पथकातून १९७२ मध्ये बंगलोरची विमान व प्रणाली चाचणी संस्था उभी राहिली. १९७३ मध्ये तिच्या जोडीला चाचणी वैमानिकांचे विद्यालय निघाले. तेजस हवेत गेले तेव्हा ते चालविण्यास व तपासण्यास याच परंपरेतील वैमानिक व अभियंते सिद्ध होते. अभिकल्पाची साखळी खंडित झाली तेथे उड्डाण-संशोधनाची साखळी टिकली, म्हणूनच पुन्हा आरंभ करणे शक्य झाले.

मारुतची काही विमाने आज प्रदर्शनात उरली आहेत. जर्मनीत म्यूनिकजवळच्या संग्रहालयात एक आहे. मुंबईत नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातही एक मांडण्यात आले. त्या धातूच्या विमानांपुढे उभे राहणाऱ्याला त्यांच्या आधी उडालेल्या लाकडी ग्लायडरची कल्पना सहसा येत नाही. भारतीय विमानविद्येच्या इतिहासकाराने मात्र मारुतच्या आधी त्या ग्लायडरची नोंद केली पाहिजे. माख २ चे विमान भारताला पुढे विकत मिळाले. स्वतःच्या विमानाविषयी हवेला प्रश्न विचारण्याची आणि तिचे उत्तर नोंदून घेण्याची रीत विकत मिळणारी नव्हती. ती त्या ७८ उड्डाणांत कमवावी लागली.